शाळेत कर्मचारी विकास समिती कशी उभी करावी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. हे तास नुसते भरून काढायचे की वर्गात उपयोगी पडतील असे करायचे, हे शाळेच्याच हातात आहे. समिती हवी ती त्यासाठी.

शाळा उघडली की जूनमध्येच स्टाफ मीटिंगमध्ये विषय घ्या आणि ठराव इतिवृत्तात नोंदवा. पाच-सहा जण पुरेत. मुख्याध्यापक असावेत, पण निमंत्रक एखाद्या शिक्षकाला करा. साहेबांसमोर अडचण सांगायला माणूस बिचकतो. एक नवीन लागलेले शिक्षक घ्या आणि लिपिकही घ्या. यू-डायसची (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) माहिती भरताना त्यांची किती दमछाक होते, हे आपण कधी विचारतच नाही.

साताऱ्याच्या जावळी-पाटण भागातल्या दोनशिक्षकी शाळांत स्वतंत्र समिती शक्य नाही. तिथे केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, तीन-चार शाळांनी मिळून एकच करावी आणि केंद्रप्रमुखांना सोबत घ्यावे.

मग अडचणी गोळा करा, नाव न घालता, चिठ्ठीवर. ‘गणित कच्चे’ असे लिहून काही हाती लागत नाही. ‘४०२ मधून १७८ वजा करताना दशकाच्या घरात शून्य आले की मुले अडतात’ असे नेमके हवे. असा एक घटक एका शिक्षकाने आपल्या वर्गात शिकवावा. दोघांनी मागे बसून मुलांच्या वह्या पाहाव्यात. उत्तर ३७६ आले असेल, तर त्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. त्याला हातचा विसरला म्हणून रागावून उपयोग नाही, आधी शतकाचा आणि मग दशकाचा गठ्ठा सोडून दाखवावा लागेल. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास यावरच बोला. शिक्षकाला गुण देऊ नका. या नोंदी गोपनीय अहवालात जाणार नाहीत, हे मुख्याध्यापकांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे. माझ्या मते सगळी समिती या एका शब्दावर टिकते.

शाळेत कोणाला जमत नाही अशा विषयासाठी फलटणच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला पत्र द्या. सत्रात अशी एखादी कार्यशाळा पुरे.

नोंदवहीत तारीख, घटक आणि वर्गात काय बदलले एवढेच लिहा. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याच मुलांना त्याच प्रकारची वजाबाकी पुन्हा द्या आणि दुसऱ्या सत्राचे विषय त्या वह्या बघून ठरवा.