बस उभी, इंजिन चालू: नव्या चालकांनी लावून घ्यायच्या सवयी

प्रशिक्षणात गिअर, वळण, रिव्हर्स आणि ब्रेक यांवर बरेच तास जातात. उभ्या बसचं इंजिन कधी बंद करायचं, हे मात्र शेवटच्या दिवशी पाच मिनिटांत उरकलं जातं. मग नवा चालक ते जुन्या चालकाकडे बघून शिकतो, आणि जुना इंजिन बंद करत नाही, कारण एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सेल्फ घेईल याची त्याला खात्री नसते. त्याची भीती अगदीच निराधार नसते. पण तिचं मूळ बॅटरीत किंवा ब्रेक आणि दरवाजे चालवणाऱ्या दाबाच्या हवेच्या गळतीत असतं, आणि त्या दोन्हींवर इलाज आहे.

आधी हिशेब बघा. शहरी डिझेल बस नुसती उभी राहून तासाला साधारण 2 ते 4 लिटर डिझेल पिते. एसी चालू असेल तर वरच्या आकड्याकडे जाते. दिवसात आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर शेवटच्या थांब्यावर 10 मिनिटं, म्हणजे 80 मिनिटं झाली. तासाला अडीच लिटर धरले तरी दिवसाला सव्वातीन लिटरच्या वर, आणि 300 दिवसांत सुमारे 1000 लिटर. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. धुराचा त्रास वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. रांगेतल्या प्रवाशांच्या आधी तो धूर चालकाच्याच नाकात जातो.

इंजिनालाही आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं चालू राहणं, मानवत नाही. इंजिन सावकाश फिरत असलं की ज्वलन थंड राहतं, अर्धवट जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवर काजळी धरते. ज्या गाड्यांना काजळीचा फिल्टर आहे, त्यात तो स्वतःहून साफ होण्याइतकी उष्णता धुरात येत नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि गाडी डेपोत जाते. डॅशबोर्डवर फिल्टरची सफाई चालू असल्याची खूण दिसत असेल, तर मात्र इंजिन बंद करू नका. ती पूर्ण होऊ द्या.

सकाळची तपासणी बहुतेक जण उलट्या क्रमाने करतात. आल्या आल्या सेल्फ मारायचा आणि मग टायर बघत फिरायचं. ऑइल, पाणी, पट्टे, टायर, काचा हे सगळं इंजिन बंद असतानाच बघा. मग किल्ली चालू करून दिवे आणि इंडिकेटर बघा. सेल्फ सगळ्यात शेवटी मारा. रात्रभर उभ्या गाडीत हवा भरायला काही मिनिटं लागतात, तेवढं आयडलिंग रास्त आहे. रेस करून हवा भरू नका, थंड इंजिनाचं आणि टर्बोचं (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) आयुष्य त्यात जातं. दाब पुरेसा झाला की निघा. इंजिन उभ्याने तापण्यापेक्षा हलक्या पायाने चालवताना लवकर तापतं.

शेवटच्या थांब्यावर क्रम असा ठेवा: पार्किंग ब्रेक लावा, हवा सुटल्याचा फुस्स आवाज ऐका, न्यूट्रल करा, एसी आणि जास्तीचे दिवे बंद करा, मग इंजिन बंद करा. नुकताच मोठा चढ चढून किंवा जोरात पळवून आला असाल, तर आधी दोन-तीन मिनिटं आयडल द्या. तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगला ऑइल मिळत राहायला हवं. नक्की किती वेळ, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. निघायला एक मिनिट उरलं की मग सेल्फ मारला तरी चालतं, कारण हवा तशीच भरलेली असते. सेल्फ सलग 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. नाही लागली तर अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर सेल्फची मोटर तापून जळते.

सिग्नलला मोठी बस बंद करायच्या भानगडीत पडू नका. बंद-चालूची स्वयंचलित सोय असेल तर ती आपलं काम करते. मात्र ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी डी मध्ये (पुढे जायच्या गिअरमध्ये) ब्रेक दाबून मिनिटभर उभी केली की इंजिन ब्रेकशी झगडत राहतं. काही गिअरबॉक्स थांबल्यावर स्वतःहून न्यूट्रलला जातात. तुमचा जात नसेल तर तुम्ही न्यूट्रल करा. रेल्वे फाटक किंवा ठप्प झालेली वाहतूक ही वेगळी बाब, तिथे बंद करा. उतारावर गाडी चालत असताना तर चुकूनही बंद करू नका: स्टिअरिंग जड होतं आणि हवा भरणारा कंप्रेसरही थांबतो.

काही ठिकाणी हा कायद्याचा मामला आहे. न्यूयॉर्क शहरात मर्यादा 3 मिनिटांची आहे आणि शाळेलगत 1 मिनिटाची. गाडीतल्या यंत्रावरून आयडलिंगचे अहवालही निघतात. अहवाल बघताना किती मिनिटांपुढचं थांबणं मोजलं आहे, ते विचारा. कोंडीच्या मार्गावरचा चालक आणि मोकळ्या मार्गावरचा चालक यांची तुलना एका टक्केवारीने करणं अन्यायाचं आहे.

आता बॅटरी आणि हवा. 24 व्होल्टच्या यंत्रणेत विसावलेल्या, भरलेल्या बॅटऱ्या 25 च्या थोडं वर दाखवतात. 24.4 च्या आसपास आल्या तर त्या निम्म्यावर आल्या समजा. आयडलवर अल्टरनेटर बॅटरी फारशी भरत नाही. दिवे आणि पंखे चालू ठेवून तासभर आयडलिंग केलं तर बॅटरी उलट उतरू शकते. म्हणजे बॅटरी उतरेल म्हणून इंजिन चालू ठेवणारा चालक बरेचदा तीच उतरवत असतो.

हवेची गळती इंजिन बंद असतानाच कळते. पार्किंग ब्रेक सोडून, चाकांना उटी (गाडी घरंगळू नये म्हणून ठोकळे) लावून, पायाचा ब्रेक न दाबता हवेच्या दाबाचा काटा बघा. मिनिटाला 0.15 बारपेक्षा (बार हे दाबाचं माप) जास्त उतरत असेल तर गळती आहे. मग कान लावा: दरवाज्याचा सिलिंडर, ब्रेक पेडलचा व्हॉल्व्ह, एअर सस्पेन्शनचे फुगे, पाइपचे जोड. साबणाच्या पाण्याने बुडबुडे दिसतात. तक्रार वहीत नुसतं ‘हवा कमी’ लिहिलं तर मेकॅनिक इंजिन चालू करून काटा वर गेलेला बघतो आणि ‘ठीक आहे’ लिहून मोकळा होतो. ‘इंजिन बंद, 10 मिनिटांत 8 वरून 6 बार, मागच्या दरवाज्याजवळ आवाज’ असं लिहा.