गरम गाडीचा सेल्फ उचलत नसेल तर ती गरम असतानाच मल्टीमीटर लावा

मे महिन्यात भुसावळहून निघालेली जुनी ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी पारोळ्यात रसवंतीसमोर दहा मिनिटं थांबवली, की परत किल्ली फिरवताना सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, नुसता घुरघुरतो. सकाळी हीच गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू झालेली असते. मग कुणी नवी बॅटरी घ्यायला सांगतो, कुणी सेल्फवर बाटलीभर पाणी ओततो. पाणी ब्रशांत शिरतं. आणि नवी बॅटरी दोन महिने दुखणं झाकते, एवढंच.

तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्का वाढतो. २५ अंशांवरची वायर बोनेटखाली १०० अंशांना पोहोचली की तो जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढतो. जोड धड असतील तर सेल्फ एवढं सोसतो, गंजलेले असतील तर नाही.

आधी आवाज ऐका. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर दोष पेट्रोलचा किंवा स्पार्कचा. सेल्फला हात लावू नका. हळू फिरतोय किंवा फक्त 'टक्' वाजतंय, तर पुढे वाचा.

तपासणी गाडी गरम असतानाच करायची. सगळी चूक इथेच होते: मेस्त्रीकडे नेईपर्यंत गाडी गार होते, सगळे आकडे बरोबर येतात आणि चांगला सेल्फ विनाकारण खोलला जातो. पाचेक किलोमीटर चालवून आणा, दहा मिनिटं बंद ठेवा आणि लगेच मल्टीमीटर काढा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून बॉडीला टेकवा, म्हणजे स्पार्क बंद होऊन इंजिन पेटणार नाही. ती काढल्यावर सेल्फ एकदम झपाट्याने फिरू लागला, तर सेल्फ निर्दोष आहे; स्पार्कचं टायमिंग फार पुढे गेलंय, ते लावा.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. बॅटरी आधी १२.६ च्या आसपास हवी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरं सेल्फच्या मोटरच्या बोल्टवर. किल्ली फिरवण्याआधी इथे पूर्ण १२ दिसतील. घाबरू नका, सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा स्विच, अजून उघडा आहे. सेल्फ मारल्यावर आकडा ०.५ च्या आत यायला हवा. जास्त आला तर टोकं एकेक जोड सरकवत जा. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांमध्येच ०.२ च्या वर दिसलं, तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. प्रत्येक वेळी पाच सेकंदच, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती.

मग मायनसच्या खुंटापासून सेल्फच्या अंगापर्यंत. इथे ०.३ च्या वर गेलं तर अर्थची पट्टी बघा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून करंट परतायला ही विणलेली पट्टीच मुख्य वाट. टोकाच्या थिंबलजवळ (बोल्टात बसणाऱ्या धातूच्या कडीजवळ) पिळून पाहा: वरून काळी, आत हिरवी भुकटी आणि निम्मे तार तुटलेले. पट्टी खराब असली की करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो; सेल्फ मारताना ती केबल गरम लागली तर मीटरचीही गरज नाही. नवी पट्टी टाकताना रंग खरवडून पत्रा उघडा करा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. रंगावर बोल्ट कसणारे मेस्त्री फार आहेत.

नुसतं 'टक्' वाजत असेल तर सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर मोजा. किल्ली फिरवून १० च्या खाली आलं, तर इग्निशन स्विचमधून येणारी बारीक वायर दमलीय. ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) बसवा: ३० नंबरच्या पिनेला सोलेनॉइडच्या बॅटरीच्या बोल्टवरून ४ चौरस मिलिमीटरची वायर, वाटेत फ्यूज, ८७ वरून छोट्या टर्मिनलला, ८६ ला किल्लीची जुनी वायर, ८५ बॉडीला.

हे सगळं बरोबर असूनही सेल्फ जड फिरला, तरच तो खाली उतरवा. ब्रश बघा, आणि आर्मेचरवर (मोटरच्या आतल्या फिरत्या भागावर) घासल्याच्या चकाकत्या रेघा आहेत का ते. असतील तर बुश, म्हणजे त्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळकांडी, गेलेत.