आर्काना लागला, पण हाती काय आलं? या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात विझर्ड (पोथ्यांतून जादू शिकलेला) घेणारा सहसा आर्काना, म्हणजे जादूच्या माहितीचं कौशल्य, घेतोच, आणि बहुतेक वेळा ते वायाच जातं. दारावर खुणा दिसतात, प्लेयर म्हणतो ‘मी आर्काना मारतो’, वीस बाजूंचा फासा सतरावर थांबतो आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) सांगतो, ‘हो, जादूच्या खुणा आहेत.’ एवढं तर शेजारच्या बार्बेरियनलाही, म्हणजे आडदांड लढवय्यालाही, दिसत होतं! मग रविवारी दुपारी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुणाच्या तरी फ्लॅटवर वाद सुरू होतो की हे कौशल्यच फालतू आहे. कौशल्यात काही खोट नाही. विचारणारा नीट विचारत नाही आणि सांगणारा कामाचं सांगत नाही, एवढंच.

खालचे आकडे पाचव्या आवृत्तीचे आहेत, म्हणजे 2014 च्या नियमांचे. 2024 मध्ये जिथे बदल झालाय तिथे तसं सांगितलं आहे.

कौशल्याचं नाव घेता, प्रश्न विचारत नाही

‘आर्काना मारू का?’ हा प्रश्नच नाही. समजा, पन्हाळ्याच्या अंधारबावीसारखी तीन मजली विहीर आहे आणि तळाच्या कमानीपाशी दगडात एक वर्तुळ कोरलंय. तिथे असं विचारा: ‘हे बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी आहे, की आतल्याला बाहेर जाऊ न देण्यासाठी?’ डीएमला आता दोन्हीतलं एक उत्तर द्यावंच लागतं, आणि दोन्ही उत्तरांनी पार्टीचा (खेळातल्या टोळीचा) पुढचा बेत बदलतो. ‘हे अजून चालू आहे का?’, ‘कुठली रेघ पुसली तर मोडेल?’ हेही चांगले प्रश्न. आपण उत्तराचं काय करणार ते आधी ठरवायचं, मग तोंड उघडायचं. कुठला चेक (फासा टाकून घ्यायची परीक्षा) लागतो ते डीएम बघेल, ते त्याचं काम आहे.

डीएम माहिती देतो, पण उपयोगाची नाही

हा दोष मोठा आहे आणि तो प्लेयरच्या माथी मारला जातो. चांगला रोल लागला की काही डीएम हजार वर्षांचा इतिहास सुरू करतात: कुठलं साम्राज्य, कुठला राजा, कुणाचा शाप. ऐकायला लई भारी, पण ऐकून झाल्यावर विझर्ड तिथेच उभा. आधी धोका सांगा, मग त्यातली कच्ची जागा, आणि वेळ उरला तर राजा.

दुसरं म्हणजे ज्या गोष्टीवाचून कथा पुढे सरकणार नाही ती फाशाच्या मागे लपवू नका. गणित बघा. पहिल्या लेव्हलच्या विझर्डची बुद्धी 16 असेल तर प्रशिक्षणासकट आर्काना +5 होतो, म्हणजे फाशावरच्या आकड्यात 5 मिळवायचे. डीसी म्हणजे गाठायचा आकडा. डीसी 15 नियमांच्या भाषेत ‘मध्यम’, आणि तो लागण्याची शक्यता 55 टक्के. डीसी 20 ला तर 30 टक्केच. म्हणजे ज्याने आयुष्य पोथ्यांत घालवलं तोही मध्यम प्रश्नाला जवळजवळ निम्म्या वेळा ‘आठवत नाही बुवा’ म्हणणार. त्यामुळे मूळ गोष्ट प्रशिक्षित माणसाला रोल न करता सांगून टाका. पॅसिव्ह आकडा (फासा न टाकता धरायचा) 10 अधिक मॉडिफायर, म्हणजे वरच्यासारखा +5, असा असतो, तो यासाठी सोयीचा आहे. फासा ठेवा तो वरच्या फायद्यासाठी.

जादूची वस्तू ओळखायला आर्काना

अंगठी सापडली की सगळे आर्कानाकडे धावतात. गरज नसते. वस्तू हातात धरून एक शॉर्ट रेस्ट, म्हणजे तासभर, लक्ष दिलं की तिचे गुण कळतात. आयडेंटिफाय हा मंत्र तेच काम मिनिटात करतो, फक्त 100 सुवर्णनाण्यांचा मोती जवळ लागतो (तो खर्ची पडत नाही). पोशनचा (जादूच्या पेयाचा) तर जिभेवर थेंब पुरतो.

मग आर्काना कशाला? शापासाठी. शापित वस्तूचा शाप आयडेंटिफायलाही सहसा दिसत नाही, पण जुन्या कथा-दंतकथांत त्याची खूण असू शकते, असं नियमच सांगतात. ‘अशी खूण मारणारा कारागीर कोण, आणि त्याच्या वस्तूंबद्दल काय ऐकलंय?’ हा प्रश्न इथे सोन्याचा आहे. आमच्याकडे तो फारसा कुणी विचारत नाही, आणि मग अंगठी बोटातून निघत नाही म्हणून बोंब होते.

समोरचा मंत्र ओळखणं आणि तो तोडणं एकच समजणं

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. 2017 च्या झॅनाथर्स गाइड या पुरवणी पुस्तकात ऐच्छिक नियम आहे: कुणी मंत्र टाकत असताना तो ओळखायला रिअ‍ॅक्शन (समोरच्या घटनेवर लगेच करायची कृती) खर्च करायची आणि आर्काना चेक द्यायचा, डीसी 15 अधिक मंत्राची लेव्हल. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा, म्हणून 18. पाचव्या लेव्हलच्या, +7 आर्कानाच्या विझर्डला तो निम्म्या वेळा कळतो. समोरचाही विझर्ड म्हणूनच टाकत असेल तर अ‍ॅडव्हान्टेज मिळतो (दोनदा फासा टाकून मोठा आकडा धरायचा) आणि शक्यता 75 टक्क्यांवर जाते.

गोम अशी की काउंटरस्पेल या दुसऱ्याचा मंत्र तोडणाऱ्या मंत्रालाही रिअ‍ॅक्शनच लागते, आणि ती फेरीत एकदाच मिळते. खासबागेच्या कुस्ती मैदानात वर बसलेल्या जाणत्याला आधीच दिसतं की आता ढाक येणार. आतल्या पैलवानाला मात्र त्याच क्षणी डाव ओळखायचाही असतो आणि त्यातून सुटायचंही असतं. इथे नियम एकालाच दोन्ही करू देत नाहीत. उपाय उघड आहे: ज्याच्याकडे काउंटरस्पेल नाही पण आर्काना आहे, त्याने ओळखायचं आणि ओरडायचं. असं ओरडणं चालतं का, हे पहिल्या सेशनलाच ठरवून घ्या. लढाईच्या मध्यावर नको.

डीएमनेही ‘तो फायरबॉल टाकतोय’ असं आधीच जाहीर करू नये. तसं केलं तर ज्याने आर्काना घेतला त्याचे पैसे बुडाले. ‘तो गंधक आणि वटवाघळाची विष्ठा चोळतोय’ एवढं म्हणा. जुन्या प्लेयरला तेवढ्यावर कळेल, आणि ते कळू द्यावं, असं माझं मत.

काउंटरस्पेल लागतो की नाही याच्याशी आर्कानाचा संबंधच नाही. तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा मंत्र आपोआप तुटतो. त्यावरच्याला मंत्रशक्तीच्या गुणाचा (विझर्डला बुद्धीचा) चेक, डीसी 10 अधिक लेव्हल. 2024 मध्ये हे सगळं काढून मंत्र टाकणाऱ्यालाच कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या दमाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा रोल, द्यायला लावलाय.

एकाचा चुकला की सगळे फासे हातात

विझर्डचा रोल पडला की टेबलावर गलका होतो, ‘थांब, मी पण मारतो!’ पाच जण, सगळे +0, डीसी 15. कुणा एकाचा तरी लागण्याची शक्यता 83 टक्के. मग परलोकांची रचना भोपळ्याइतकं डोकं असलेला बार्बेरियन सांगतो. एकदा हसू येतं. दर वेळी झालं की विझर्डवाला फोन बघायला लागतो. प्रशिक्षित तेवढेच रोल करतील, किंवा एक जण मदत करून अ‍ॅडव्हान्टेज देईल, असं ठेवा. आणि नापास झाला तर परत रोल नाही, पण कागदावर खुणा उतरवून गावातल्या जाणकाराला दाखवल्या तर नवा रोल खुशाल द्या.

सगळंच आर्कानात कोंबणं

कुठल्या जातीच्या प्राण्याची माहिती कुठल्या कौशल्यात, ही वाटणी 2024 च्या नियमांत स्पष्ट आहे. एलिमेंटल, फे, कन्स्ट्रक्ट, अ‍ॅबरेशन आर्कानाकडे, भुतंखेतं, सैतान आणि देवदूत रिलिजनकडे, ड्रॅगन नेचरकडे. ड्रॅगन ‘जादूचा’ म्हणून आर्काना मागाल तर नाही मिळणार. रिलिजनही बुद्धीवर चालतं, त्यामुळे कधी कधी पुजाऱ्यापेक्षा विझर्डलाच देव जास्त माहीत असतात. क्लेरिकला, म्हणजे पुजाऱ्याला, बुद्धीऐवजी विझडमवर रिलिजनचा चेक देऊन बघा. गुण बदलून चेक घ्यायची मुभा नियमांतच आहे.

पाथफाइंडर या अशाच आणखी एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत जादूच्या चार परंपरांना चार कौशल्यं आहेत आणि जीएम (तिथला डीएम) माहिती आठवायचा चेक गुपचूप करतो, कारण फारच वाईट पडला तर खोटी माहिती द्यायची असते. ती युक्ती उघड्या फाशावर वापरू नका. एक पडलेला सगळ्यांनी बघितलाय, आता थाप कुणाला मारणार?

स्क्रोलची नक्कल सहज घेणं

विझर्डने स्क्रोलवरून (मंत्र लिहिलेल्या गुंडाळीवरून) मंत्र वहीत उतरवायचा तर आर्काना चेक लागतो, डीसी 10 अधिक लेव्हल. लागो वा न लागो, स्क्रोल नष्ट होतो. त्यामुळे पाचव्या लेव्हलचा एकुलता एक स्क्रोल सापडला, तर मोहिमेवरून परतताना घाईत वही उघडू नका. आधी पार्टीत मदत करू शकणारा कोण आहे ते बघा आणि डीएमकडून अ‍ॅडव्हान्टेज मागून घ्या.