पिनकोडवरून नकाशावरील जागा आणि पूर्ण पत्ता कसा शोधावा

नकाशाच्या ॲपमध्ये पिनकोड टाकला की एखादी खूण उमटते आणि तेच इच्छित ठिकाण असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. वास्तविक पिनकोड हा टपालाचे वाटप करणाऱ्या डाकघराचा क्रमांक आहे. त्याच्या कक्षेत शहरात अनेक वस्त्या आणि ग्रामीण भागात अनेक गावे येतात, आणि नकाशावरची खूण बहुधा त्या क्षेत्राच्या मध्यावर किंवा डाकघरावर असते. त्यामुळे शोधाची सुरुवात पिनकोडपासून करावी, मात्र त्या खुणेच्या भरवशावर कोणालाही रस्त्याला लावू नये.

केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा अंकांपैकी पहिला अंक विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग ४ आहे, तर ९ हा अंक सैनिकी टपालासाठी राखलेला आहे. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे डाकघर दाखवतात. हा टपालाचा जिल्हा महसुली जिल्ह्याशी जुळेलच असे नाही. बारामती पुणे जिल्ह्यात असूनही तिचा पिनकोड ४१३१०२ आहे आणि सोलापूरचाही ४१३ नेच सुरू होतो. ४१६ मध्ये तर कोल्हापूर, सांगली आणि सावंतवाडी ही तीन जिल्ह्यांतील शहरे येतात. केवळ पहिल्या तीन अंकांवरून जिल्हा लिहिणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पत्ता शोधताना प्रथम टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून त्याखालील डाकघरांची यादी पाहावी. यादीत प्रधान डाकघर, उपडाकघर आणि शाखा डाकघर असे प्रकार आढळतात. खेड्यांतील शाखा डाकघरांना सहसा स्वतंत्र पिनकोड नसतो, ती ज्या डाकघराच्या अखत्यारीत असतात त्याचाच पिनकोड वापरतात. येथे आपली जुनी ‘मु. पो.’ लिहिण्याची रीत फार उपयोगी पडते. मुक्काम आणि पोस्ट एकत्र लिहिले असेल, तर डाकघर त्याच गावात आहे असे समजावे, ‘मु.’ पुढे एक गाव आणि ‘पो.’ पुढे दुसरे असेल, तर यादीत दुसऱ्याचे नाव शोधावे आणि नकाशावर मात्र पहिले गाव पाहावे. वडगाव किंवा पिंपळगाव अशा नावांची गावे राज्यात ठिकठिकाणी असल्यामुळे गाव, तालुका आणि पिनकोड या तिन्ही गोष्टी एकमेकांशी जुळल्याशिवाय पत्ता पक्का मानू नये. शहरात पेठ, रस्ता, इमारत आणि जवळची खूण यांची जोड द्यावी. पुण्यात ४११०३० म्हटल्यावर सदाशिव पेठ आणि नवी पेठ दोन्ही येतात.

अनेक पत्ते एकदम नकाशावर मांडायचे असतील, तर केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरील पिनकोड निर्देशिका वापरता येते. तिच्यात एका पिनकोडसमोर अनेक डाकघरांच्या ओळी असतात आणि काहींचे अक्षांश-रेखांश रिकामे असतात, त्यामुळे पहिलीच ओळ डोळे मिटून उचलू नये. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. पुणे साधारण १८.५२ उत्तर, ७३.८५ पूर्व येथे आहे. हे आकडे उलटे भरले की खूण नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाते. जिओजेसन या नकाशावरील जागांची माहिती साठवणाऱ्या प्रकारच्या फायलीत रेखांश आधी लिहितात, हेही ध्यानात ठेवावे. उलट दिशेने, म्हणजे जागेवरून पिनकोड हवा असेल, तर पिनकोडच्या सीमांची फाईल क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक प्रणालीत उघडून आपला बिंदू कोणत्या सीमेच्या आत पडतो ते तपासावे. बिंदू सीमेलगत असेल, तर स्थानिक डाकघरात विचारूनच पिनकोड निश्चित करावा.

नेमके दार दाखवायचे असल्यास टपाल खात्याचा डिजिपिन वापरावा. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने तयार झालेल्या या पद्धतीत देशाचे सुमारे चार मीटर बाजूचे चौकोन पाडले असून प्रत्येकाला अक्षरे आणि अंक मिळून दहा चिन्हांचा संकेत आहे. तो अक्षांश-रेखांशावरूनच काढलेला असल्यामुळे त्याच्यापासून पुन्हा जागा काढता येते. वाडीवस्तीवर, जेथे घराला क्रमांक नाही आणि रस्त्याला नाव नाही, तेथे रुग्णवाहिकेला वाट दाखवण्यासाठी याचे मोल मोठे आहे. फोनने दाखवलेली जागा काही मीटर चुकू शकते, म्हणून उपग्रह चित्र उघडून आपले छप्पर ओळखावे आणि खूण हाताने दारावर आणून मगच संकेत टिपून घ्यावा. हा संकेत मजला सांगत नाही, त्यामुळे इमारतीतील रहिवाशांनी सदनिकेचा क्रमांक लिहिणे चालूच ठेवावे. पत्रावर पिनकोडही लिहावा लागतोच, कारण डिजिपिनने त्याची जागा घेतलेली नाही.