रबर केमिकल्सचा एचएस कोड टाकताना या चुका टाळा

एचएस कोड म्हणजे आयात-निर्यातीत मालाचा प्रकार सांगणारा नंबर. इन्व्हॉइसवर 'रबर ॲक्सिलरेटर' (रबर पक्कं व्हायची क्रिया वेगानं करणारं केमिकल) दिसलं की लोक डोळे झाकून ३८१२.१० टाकतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता चिडचिड होते. ३८१२ मध्ये 'प्रिपेअर्ड' ॲक्सिलरेटर येतात, म्हणजे मिश्रण करून तयार केलेले. एमबीटीएस किंवा सीबीएस अशा एकाच ॲक्सिलरेटर केमिकलची नुसती पावडर असेल तर २९३४.२०, टीएमटीडी असेल तर २९३०.३०. धूळ उडू नये म्हणून थोडं तेल लावलेलं असलं तरी माल चॅप्टर २९ (सेंद्रिय रसायनं) मध्येच राहतो, तिथल्या पहिल्या टिपेत तशी सूट आहे.

याच्या बरोबर उलटी चूक मी स्वतः केलीय. नवीन होतो, एमबीटीएस-८० चे दाणे आले होते, एसडीएसवर (मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकावर) कॅस नंबर (केमिकलचा ओळख क्रमांक) बघितला तर एमबीटीएसचाच, मग काय, २९३४.२० टाकला आणि पुढच्या फाइलला लागलो. कस्टम्सनं सॅम्पल लॅबला पाठवलं. त्यातलं ८० म्हणजे ८० टक्के केमिकल, बाकी पॉलिमरचा बाइंडर (पावडर बांधून ठेवणारा) आणि तेल, थेट मिक्सिंगला टाकायचा तयार माल, म्हणजे ३८१२.१०. माल अडकला, डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) चढत गेलं, कोड बदलून घ्यायला हेलपाटे घातले ते वेगळेच. आणि बाइंडर एसडीएसच्या तिसऱ्या सेक्शनमध्ये लिहिलेला होता, मी पहिल्या पानावरच थांबलो होतो. तेव्हापासून माल निघायच्या आधी सप्लायरकडून १०० टक्क्यांची बेरीज होईल असं कंपोझिशन लेखी मागतो, सीक्रेट आहे म्हणाले तर निदान बाइंडर कुठला आणि किती एवढं तरी घेतोच.

टीएमक्यू, म्हणजे रबर लवकर खराब होऊ नये म्हणून घालतात ते केमिकल, त्याच्या नावात क्विनोलिन आहे म्हणून २९३३ मध्ये शोधत बसू नका. ते ऑलिगोमर्सचं (छोट्या साखळ्यांच्या रेणूंचं) मिश्रण आहे, एचएस २०१७ पासून त्याला स्वतःचा ३८१२.३१ आहे, जुन्या फाइलमधला ३८१२.३० तेव्हाच बंद झाला. ६पीपीडी पण त्याच कामाचं म्हणून तोच कोड लावतात, पण तो एकच ठराविक रेणू आहे, २९२१.५१.

झिंक ऑक्साइड २८१७, कार्बन ब्लॅक २८०३, पण तोच कच्च्या रबरात मिसळून मास्टरबॅच म्हणून आला तर ४००५.१०. स्टिअरिक ॲसिडची शुद्धता ९० टक्क्यांच्या खाली असेल तर ३८२३.११, नाहीतर २९१५.७०, ॲनालिसिस सर्टिफिकेट बघितल्याशिवाय ठरवूच नका.

मागच्या वेळचा कोड कॉपी करायची घाई नवीन मुलं फार करतात. सप्लायर नाव तेच ठेवून पावडरऐवजी दाणे पाठवतो, म्हणून मी दर खेपेला ग्रेडचा नंबर जुन्या कागदाशी ताडून बघतो.