कोपऱ्यावरच्या बाकासाठी ग्रँट कशी मागायची (नवीन आलेल्यांसाठी)

परदेशात नवीन राहायला आलेल्या आपल्या लोकांपैकी कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतं की आमच्या बस थांब्यावर म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा नाही, किंवा बिल्डिंगच्या मागचा तुकडा नुसता पडून आहे आणि तिथे कचरा साठतो, तर तक्रार कुठे करायची. तक्रार करा की, पण तिच्या जोडीला अजून एक वाट असते आणि ती आपल्याला कुणी आपणहून सांगत नाही. बऱ्याच शहरांत महापालिका किंवा कम्युनिटी फाउंडेशन (म्हणजे त्या भागातल्या कामांना पैसे देणारी संस्था) असल्या बारक्या कामांसाठी रहिवाशांच्या हातात थेट पैसे देतात, तीच ग्रँट, ती परत करायची नसते. मला हे कळायला चार वर्षं लागली, तेही लायब्ररीच्या नोटीस बोर्डवर एक कागद अर्धा लोंबत होता म्हणून.

पहिली शंका सगळ्यांची एकच, की आपण इथले नागरिक नाही मग आपल्याला कोण देणार. अहो, बहुतेक ठिकाणी अट एवढीच असते की तुम्ही त्या भागात राहता का. कॅनडातल्या व्हँकुव्हर फाउंडेशनच्या नेबरहुड स्मॉल ग्रँट्स १९९९ पासून चालू आहेत, ५०० डॉलरपर्यंतच्या छोट्या रकमा, आणि त्या संस्थेला नाही तर साध्या रहिवाशाला मिळतात. काही ठिकाणी मात्र नोंदणी असलेली संस्थाच लागते, मग तिथे एखाद्या जुन्या संस्थेला आपल्या वतीने पैसे सांभाळायला सांगायचं, त्याला फिस्कल स्पॉन्सर म्हणतात. ते त्यातले काही टक्के ठेवून घेतात, ते आधीच विचारून बजेटमध्ये धरा.

आता मुख्य मुद्दा, जो समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पुष्कळ ग्रँटना मॅच लागतो, म्हणजे ते जेवढे देणार तेवढं तुमच्याकडूनही काहीतरी आलं पाहिजे. हे वाचून आपली माणसं फॉर्म मिटवून ठेवतात कारण वाटतं खिशातून घालायचे. तसं नसतं! शेजाऱ्यांनी दिलेला वेळ, कुणी फुकट दिलेलं सामान, एखाद्या आर्किटेक्ट शेजाऱ्याने काढून दिलेलं ड्रॉइंग, हे सगळं पैशातच मोजतात. अमेरिकेतल्या सिएटल शहराचा नेबरहुड मॅचिंग फंड १९८८ पासून याच तत्त्वावर चालतो. तिथल्या फ्रीमाँट वस्तीत पुलाखाली सिमेंटचा एक अवाढव्य राक्षस बसवलाय, मुठीत खरीखुरी फोक्सवॅगन धरलेला, १९९० सालचा, त्याला याच फंडातून मदत मिळाली होती. त्या पुलाखाली आधी लोक कचरा आणून टाकायचे, आता फोटो काढायला येतात.

वेळेचा भाव काय धरायचा हे बहुतेक ग्रँटवाले स्वतःच सांगतात. अमेरिकेत इंडिपेंडंट सेक्टर नावाची संस्था दर वर्षी एक आकडा काढते, २०२३ साठी तो तासाला ३३.४९ डॉलर होता. म्हणजे दहा जणांनी चार तास माती उपसली तर जवळपास १,३४० डॉलरचा मॅच झाला, एक पैसाही न काढता. पण हे तास कागदावर पाहिजेत हां. आमच्या पहिल्या कामाच्या दिवशी पाऊस होता, तरी तेवीस माणसं आली, मी खूश, फावडी वाटतोय, फोटो काढतोय, आणि सह्यांचा कागद माझ्याच बॅगेत राहिला. नंतर घरोघरी फिरून सह्या घेतल्या तर ऑफिसने त्या धरल्या नाहीत, आणि खरं सांगू का, बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून आमच्यात एक माणूस फक्त सह्या घ्यायला असतो, तो फावड्याला हात लावत नाही.

अर्ज लिहिताना आपल्याकडून हमखास होणारी चूक म्हणजे भारदस्त भाषा. सामाजिक ऐक्य, सांस्कृतिक देवाणघेवाण, सर्वांगीण विकास वगैरे. वाचणाऱ्यासमोर असे पन्नास अर्ज असतात, त्याला जागा कुठली, अडचण कुणाला, नंतर काय बदलेल एवढंच हवं असतं. आमच्या बस थांब्यावरच्या बाकाच्या अर्जाला शेजाऱ्यांची पत्रं जोडली होती, त्यांत सगळ्यात उपयोगी पडलं ते समोरच्या आजींचं, हाताने लिहिलेलं, तीन ओळी, की मी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाते, बस वीस मिनिटांनी येते, मला एवढा वेळ उभं राहवत नाही. माझी दोन पानं एकीकडे आणि त्या तीन ओळी एकीकडे.

त्यावरून आठवलं, फक्त आपल्या मंडळींचीच नावं घालून अर्ज करू नका. आठ नावं आणि आठही मराठी असली तर वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं की बाकीच्या गल्लीला हे माहीत तरी आहे का. दारं ठोठवा. भाषा तुटकी असली तरी चालते, हातात एक चित्र ठेवा आणि विचारा की इथे बाक हवा का, कुठे हवा. मला वाटलं होतं आपण परके, कोण दार उघडणार, पण या निमित्ताने जेवढी ओळख झाली तेवढी आधीच्या चार वर्षांत झाली नव्हती. आणि नको म्हणणाराही इथेच भेटतो. एकाला खिडकीखाली बाक नको होता, रात्री पोरं येऊन बसतील म्हणून, तर आम्ही तो दहा पावलं पुढे सरकवला. हेच भांडण मंजुरीनंतर झालं असतं तर काम अडकलं असतं.

जागा कुणाची आहे हे सगळ्यात आधी बघा. पडीक दिसते म्हणजे ती बेवारस असते असं नाही. मालकाची लेखी परवानगी नसेल तर बाकी सगळं उत्तम असूनही अर्ज बाजूला पडतो, आमचा पहिला तसाच पडला. सोबत हेही विचारतात की दोन वर्षांनी बाकाची फळी निघाली तर कोण बघणार, तिथे "सर्वजण मिळून" असं लिहू नका, नावं लिहा.

बजेटमध्ये गोल आकडे नकोत. लाकूड अमुक, स्क्रू तमुक, मशीनचं भाडं एवढं, आणि मोठ्या वस्तूंची दोन कोटेशन. इन्शुरन्स लागतो का ते विचारा, लोक विसरतात आणि मग ऐनवेळी खर्च अंगावर येतो.

पैसे मंजूर झाल्याचा मेल आला की लगेच खरेदीला पळू नका. करारावर सही व्हायच्या आधीचा खर्च बहुतेक ठिकाणी धरतच नाहीत. काही ग्रँटवाले तर आधी तुम्ही खर्च करा, मग बिलं दाखवून परत घ्या असं करतात, ते दोन-दोन महिने लांबतं, तर तेवढी रक्कम कोण गुंतवणार हे आधी ठरवा. दुकानाची पावती त्याच दिवशी मोबाइलने फोटो काढून ठेवा, त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडू शकतात आणि काम झाल्यावर ग्रँटवाल्यांना द्यायचा रिपोर्ट लिहिताना हातात कोरी पट्टी राहते. मुलांचे फोटो रिपोर्टला लावणार असाल तर आईवडिलांची परवानगी घ्या.

व्हिसावर असलेल्यांसाठी एक. काही ग्रँटमध्ये काम बघणाऱ्याला थोडं मानधन घ्यायची मुभा असते. आपल्या व्हिसाच्या अटी माहितगार माणसाकडून तपासल्याशिवाय ते घेऊ नका, सरळ नको म्हणून लिहून द्या.

नाही मिळाली ग्रँट तर कारण विचारा, बरेच जण सांगतात, आणि पुढच्या फेरीत त्या ओळी दुरुस्त करून तोच अर्ज परत टाकता येतो. जमलं तर त्याआधी अर्ज वाचणाऱ्या कमिटीत बसून घ्या, पुष्कळ ठिकाणी त्यात रहिवासीच लागतात आणि त्यांना माणसं मिळत नाहीत. मी एका संध्याकाळी एकोणीस अर्ज वाचले तेव्हा कुठे मला कळलं की माझी ती दोन पानं कुणी शेवटपर्यंत का वाचली नसतील.