पीएचडी झाली, आता कंपनीत पहिली नोकरी कशी मिळवायची?

"जास्तीत जास्त किती ग्रॅमवर केलीत ही रिअॅक्शन?"

महाप्याच्या एका औषध कंपनीतला माझा पहिला इंटरव्ह्यू. समोर प्रोसेस आर अँड डीचे (लॅबमधली पद्धत कारखान्यात चालेल अशी करणाऱ्या विभागाचे) प्रमुख, अॅनालिटिकलच्या म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्या विभागाच्या एक मॅडम आणि एचआरचा मुलगा. मी चाळीस स्लाइड्स करून नेल्या होत्या. सहाव्या स्लाइडवरच सरांनी हात वर केला आणि हा प्रश्न विचारला.

"आठशे मिलिग्रॅम," मी म्हटलं.

"आणि दोन किलोवर केलीत तर उष्णता कुठे जाईल?"

मला उत्तर आलं नाही. साडेपाच वर्षं मी त्या रेणूंबरोबर काढली होती. पण उष्णता म्हणजे पन्नास मिलीच्या फ्लास्कखाली बर्फाचं भांडं सरकवायचं, एवढाच माझा तिच्याशी संबंध होता. भांडं मोठं झालं की आतला माल घनाच्या हिशोबाने वाढतो आणि थंड होणारा पृष्ठभाग वर्गाच्या हिशोबाने. म्हणजे किलोमागे थंड व्हायला जागा कमी कमी होत जाते. हे बारावीचं गणित आहे, पण माझ्या थीसिसच्या दोनशे दहा पानांत मी ते एकदाही केलं नव्हतं. ती नोकरी मला मिळाली नाही. पहिली नोकरी मिळायला त्यानंतर सात महिने गेले. त्या काळात जे समजलं ते इथे लिहिते आहे. मी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीवाली, त्यामुळे उदाहरणं माझ्या विषयातली आहेत. तुमचा विषय बायोलॉजी किंवा मटेरियल्स असेल तरी हाच अभ्यास तुमच्या कामावर करता येतो.

सगळ्यात आधी तुमचा थीसिस काढा आणि कंपनीच्या नजरेने परत वाचा. मी घरी येऊन एक दोनशे पानी वही घेतली आणि डाव्या पानावर माझी एकेक पायरी, उजव्या पानावर "हे प्लांटमध्ये का चालणार नाही" असं लिहीत गेले. पहिलीच पायरी होती सोडियम हायड्राइड हा तीव्र बेस आणि डीएमएफ हा सॉल्व्हंट. आमच्या लॅबमध्ये हे रोजचं होतं. पण हे मिश्रण एका मर्यादेपुढे तापलं की आपोआप आणखी तापत जातं, वर हायड्रोजन सुटतो, म्हणून मोठ्या प्रमाणावर करायला सेफ्टीवाले सहसा तयार होत नाहीत. दुसरी पायरी, माल शुद्ध करायचा सिलिकाचा कॉलम. लॅबमध्ये आपण अर्धं आयुष्य कॉलमपाशी उभे असतो, पण टनावारी माल काढायचा तर सिलिका आणि सॉल्व्हंटचा खर्च परवडत नाही, तिथे शक्य तिथे माल क्रिस्टलाइज करूनच शुद्ध करतात. तिसरी गोष्ट डायक्लोरोमिथेन हा सॉल्व्हंट. औषधात तो जास्तीत जास्त ६०० पीपीएम (दहा लाखांत ६०० भाग) उरलेला चालतो, डीएमएफ ८८०, तर अॅसिटोन किंवा इथाइल अॅसिटेट ५००० पर्यंत. आयसीएच या औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू३सी या मार्गदर्शिकेत हे तक्ते आहेत. ती इंटरनेटवर फुकट मिळते आणि एका दुपारी वाचून होते.

मग मी माझ्या गाइड सरांना विचारून लॅबमध्ये पंधरा दिवस मागून घेतले. सोडियम हायड्राइडच्या जागी पोटॅशियम कार्बोनेट, डीएमएफच्या जागी अॅसिटोन. दोन तासांची रिअॅक्शन नऊ तासांवर गेली, यील्ड म्हणजे हाती आलेला माल ७८ टक्क्यांवरून ७१ वर आलं. पण पाणी घातल्यावर माल पांढरा, गाळून घेण्यासारखा खाली बसला. कॉलमची गरजच उरली नाही. बुखनर फनेलवर तो सुकताना मी बराच वेळ बघत उभी होते. माझ्या सगळ्या पेपरांपेक्षा पुढे मला त्या पंधरा दिवसांनी जास्त मदत केली. तुमच्याकडे अजून लॅब असेल तर असं एक काम आताच करून घ्या, एकदा बाहेर पडलं की फ्युमहूड (वाफा ओढून घेणारं कामाचं कपाट) मिळत नाही.

आता वेळेबद्दल. बहुतेकजण व्हायव्हा (थीसिसची तोंडी परीक्षा) होईपर्यंत थांबतात, मीही थांबले होते. सीएसआयआरची फेलोशिप पाच वर्षांनी बंद होते. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये येत असतात ते एका महिन्यात शून्यावर येतात. थीसिस बाहेरच्या परीक्षकांकडे जाऊन अहवाल यायला काही महिने सहज लागतात. तोपर्यंत घरी आई रोज विचारत नाही, पण विचारायचं टाळते हे कळत असतं. म्हणून सिनॉप्सिस म्हणजे थीसिसचा सारांश दिला त्या आठवड्यापासून अर्ज सुरू करा आणि सीव्हीवर सरळ "सिनॉप्सिस सादर, व्हायव्हा अपेक्षित" असं महिन्यासकट लिहा. कंपन्यांना ते चालतं. प्रोव्हिजनल सर्टिफिकेट रुजू होताना किंवा त्यानंतर थोड्या मुदतीत मागतात.

सीव्ही दोन पानांचा. माझा आधी सहा पानांचा होता, त्यातली अडीच पानं पेपर, पोस्टर आणि परिषदांची. आता पेपर फक्त तीन, बाकीच्यांची संख्या. पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात तुमच्या हाताला काय येतं ते आलं पाहिजे, आणि तेही नेमकं. "एचपीएलसी येतं" (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) असं एमएस्सीची मुलंही लिहितात. त्याऐवजी मी असं लिहिलं: सी१८ कॉलमवर पद्धत स्वतः बसवली, जवळजवळ येणाऱ्या दोन इम्प्युरिटींमधलं रिझोल्यूशन (त्या किती वेगळ्या दिसतात ते) १.२ वरून २.१ वर नेलं. एनएमआर (रेणूची रचना ओळखायचं यंत्र) स्वतः चालवलं की फक्त नमुना देऊन आलात, तेही खरं लिहा, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

जाहिरातींवर अवलंबून राहू नका. मी पहिले चार महिने नोकरीच्या साइटवर रोज दहा-बारा अर्ज टाकत होते. एकाचंही उत्तर आलं नाही. मोठ्या हॉटेलांत भरणारे रविवारचे वॉक-इन इंटरव्ह्यूही केले, पण ते मुख्यतः क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणी आणि प्रॉडक्शनसाठी, बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांना धरून असतात. तिथे पीएचडी बघून फाइल बाजूला ठेवतात. याच काळात एका प्लेसमेंट एजन्सीने "नाव पुढे पाठवायला" माझ्याकडून पाच हजार घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. उमेदवाराकडून पैसे मागणारा कोणीही असो, तिथून उठून या. कंपन्या एजन्सीला स्वतः पैसे देतात.

काम झालं ते ओळखीतून, आणि ओळख म्हणजे काका-मामा नव्हेत. तुमच्याच लॅबमधून किंवा शेजारच्या लॅबमधून गेल्या दहा वर्षांत बाहेर पडलेल्यांची यादी करा. थीसिसच्या आभाराच्या पानांवर त्यांची नावं असतात. लायब्ररीत बसून मी जुने चौदा थीसिस चाळले आणि एकतीस नावं काढली. त्यातले अकराजण ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात, रबाळे, महापे, तुर्भे इथे निघाले. काही अंबरनाथ-बदलापूरला, एक तारापूरला, दोघं तळोज्याला. प्रत्येकाला लिंक्डइनवर मराठीत चार ओळी लिहिल्या:

"नमस्कार सर, मी तुमच्याच लॅबमधून नुकतीच पीएचडी पूर्ण केली आहे. तुमची फ्युमहूड अजून खिडकीपाशीच आहे. मला प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये यायचं आहे आणि त्या कामाचा दिवस कसा असतो हे समजून घ्यायचं आहे. पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?"

नोकरी आहे का, हे पहिल्या निरोपात विचारू नका. विचारलं की समोरचा माणूस अडचणीत येतो आणि गप्प बसतो. एकतीसपैकी नऊजण बोलले. त्यातल्या एका ताईने, ती माझ्याआधी सहा वर्षं त्याच लॅबमध्ये होती, अर्धा तास माझ्याकडून त्या पोटॅशियम कार्बोनेटची कथा ऐकली आणि म्हणाली, "सीव्ही पाठव. आमच्याकडे एक जागा निघते आहे, अजून बाहेर आलेली नाही." शेवटी मला मिळाली ती हीच नोकरी.

इंटरव्ह्यू रबाळ्याच्या एमआयडीसीत होता. डोंबिवलीहून ठाण्याला, तिथून ट्रान्स-हार्बरने रबाळे आणि पुढे शेअर रिक्षा. जाण्याआधी एकदा नुसतं जाऊन बघून या. एमआयडीसीत प्लॉट नंबर सरळ लागत नाहीत आणि पावसात तिथल्या गल्ल्यांत रिक्षा शिरत नाही. या वेळी मी बाराच स्लाइड्स नेल्या आणि त्यातल्या चार त्या पंधरा दिवसांच्या कामाच्या. अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला: "कार्बोनेट अॅसिटोनमध्ये विरघळत नाही. मोठ्या रिअॅक्टरमध्ये तळाशी बसलं तर?" मी सांगितलं की भुकटी जितकी बारीक तितकी रिअॅक्शन लवकर होते, म्हणून ३२५ मेशची म्हणजे अगदी बारीक चाळणीतली भुकटी वापरून पाहिली होती आणि नऊ तासांचे सहा झाले. ढवळणीच्या पात्याचा आकार मी तपासलेला नाही, तेही सांगितलं. सरांनी मान हलवली आणि ते स्वतःच उठून फळ्यावर पात्यांचे दोन प्रकार काढून दाखवू लागले. पुढचा पाऊण तास आम्ही दोघं एकाच बाजूला बसल्यासारखे बोलत होतो.

एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही पोस्टडॉकला निघून जाल ना?" त्यांची भीती खरी आहे, अनेकजण सहा महिन्यांत व्हिसा आला की जातात. जायचं असेल तर खोटं बोलू नका. नसेल तर कारण सांगा. मी सांगितलं की मला माझा रेणू ड्रममध्ये भरून ट्रकवर चढताना बघायचा आहे. ते माझ्या मनातलंच होतं.

काही ठिकाणी अर्धा दिवस लॅबमध्ये उभं करून बघतात. तिथे एक सवय घात करते. लॅबमध्ये आपण वजन टिश्यूवर, हातमोज्यावर, फिल्टर पेपरच्या मागे लिहितो आणि संध्याकाळी वहीत सुवाच्य उतरवतो. मी तराजूपाशी उभी राहून हातमोज्यावर ०.४१२ असं लिहिलं, तोच शेजारच्या अॅनालिस्टने पेन धरलेला माझा हात थांबवला. औषध कंपनीत नोंद त्याच क्षणी, त्याच वहीत आणि ज्याने केली त्याच्या सहीने करायची असते. चुकली तर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. खालचा आकडा वाचता आला पाहिजे, व्हाइटनर अजिबात नाही. परदेशी तपासनीस येतात तेव्हा ते कचऱ्याचे डबेसुद्धा बघतात. ही शिस्त आजपासून स्वतःच्या वहीत लावून घ्या, महिनाभरात हातात बसते.

प्रयोगशाळेत उभं राहायचं नसेल तर इतर वाटाही आहेत. रेग्युलेटरी अफेअर्स (औषधांच्या सरकारी मंजुरीची कागदपत्रं), उपकरणं विकणाऱ्या कंपन्यांत अॅप्लिकेशन सायंटिस्ट, मेडिकल रायटिंग. पेटंटची वाट मला विशेष चांगली वाटते. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञानाची पदवी पुरते. दोन लेखी पेपर आणि तोंडी, प्रत्येकात किमान ५० टक्के आणि एकूण ६०. मुंबईचं पेटंट ऑफिस तर आपल्या अँटॉप हिललाच आहे. माझी एक मैत्रीण आता याच क्षेत्रात आहे आणि खूश आहे.

पगाराचं पत्र आलं की सीटीसीला (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) बारांनी भागून आनंदून जाऊ नका. समजा सीटीसी ९ लाख, बेसिक त्याच्या निम्मं आणि ९०,००० व्हेरिएबल म्हणजे कामगिरीवर अवलंबून मिळणारा भाग. त्यातून कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे ५४,०००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे २१,६४५. हे दोन्ही आणि व्हेरिएबल वजा केलं की ७,३४,३५५. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ५४,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेला की महिन्याला हातात सुमारे ५६,५०० येतात. भागाकाराने आले होते ७५,०००. आयकर लागला तर तो वेगळाच. एचआरला फोन करून "दरमहा हातात किती" हे विचारायला लाजू नका, ते रोज याच प्रश्नाची उत्तरं देतात. नोटिस पीरियड किती आणि बाँड आहे का, हेही त्याच फोनवर विचारा. मी पगारात थोडी वाढ मागितली होती, ती मिळाली नाही, पण कंपनीच्या बसचा थांबा डोंबिवलीला मिळाला आणि रोजचे दोन तास वाचले.

रुजू होण्याच्या कागदांत सगळ्यात जास्त वेळ संस्थेच्या "नो ड्यूज"ला जातो. लायब्ररी, होस्टेल, केमिकल स्टोअर, उपकरण विभाग, प्रत्येकाची सही लागते. माझं स्टोअरचं खातं एका गॅस सिलिंडरवर अडलं होतं, जो मी तीन वर्षांपूर्वी परत केला होता आणि पावती हरवली होती. त्यात नऊ दिवस गेले, आणि रुजू व्हायची तारीख मला दोनदा फोन करून पुढे ढकलावी लागली. तो फॉर्म व्हायव्हाच्या आधीच फिरवायला घ्या, आणि सिलिंडरच्या पावत्यांचे फोटो आजच काढून ठेवा.